दोघांचा डाव : एक सूत्रधार, एक खेळाडू

टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या रोलप्लेइंग गेम्सविषयी या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच अडचणीची आहेत : घरात खेळायला माणसे दोनच, आणि त्यांतले एक अगदी नवखे. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : पुण्यात नोकरीला असताना मी मित्रमैत्रिणींबरोबर दोन-तीनदा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळले होते. आता कोल्हापूरला परतले आहे. दिवाळीच्या सुटीत माझी अकरा वर्षांची भाची माझ्याकडे राहायला येणार असून तिला हा खेळ शिकवावा, असे मनात आहे. पण आम्ही दोघीच. चार-पाच जणांशिवाय हा खेळ होतो का? आणि नियमांचे तीनशेहून अधिक पानांचे पुस्तक तिला आधी समजावून सांगावे का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होतो, आणि चांगला होतो. ज्या वाचकांना हा प्रकार परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण प्रसंग उभा करतो, दुसरा आपल्या पात्राच्या वतीने ‘मी अमुक करतो’ असे म्हणतो, आणि ते साधेल की नाही याची खरोखर शंका असेल तेथे फासा टाकून निकाल लावला जातो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत आणलेला डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या जातीचा पहिला छापील खेळ. छोट्या सैनिकांच्या प्रतिमा मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांतून तो जन्मला, आणि त्याच्या नियमांचा मोठा भाग आजही लढाईचाच आहे, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. प्रसंग सांगणाऱ्याला खेळाडू डीएम, म्हणजे डंजन मास्टर, म्हणतात. मी सूत्रधार म्हणतो, कारण आपल्या नाटकातला सूत्रधारही गोष्ट सांगता सांगता मध्येच एखादे पात्र होऊन बोलून जातो, आणि हे काम नेमके तेच आहे.

दोघांचा खेळ म्हणजे माणसे जमली नाहीत म्हणून केलेली तडजोड, असे समजू नये. या खेळाच्या कंपनीनेच २०१९ साली नवख्यांसाठी काढलेल्या संचात एक सूत्रधार आणि एक खेळाडू यांच्यासाठी वेगळी सोय केली होती. त्यात खेळाडूला सोबतीला एक साधा जोडीदार मिळतो आणि त्याचे नियम जेमतेम काही ओळींचे असतात. शिवाय दोघांच्या डावात स्वतःच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही. चौघांना संध्याकाळभर पुरेल एवढी गोष्ट माझ्या अनुभवाने दोघांत तासाभरात संपते, त्यामुळे पहिल्या बैठकीला तास-सव्वा तासापेक्षा जास्त वेळ ठरवू नये.

राहिला पुस्तकाचा प्रश्न. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचे खेळाडूंचे पुस्तक ३२० पानांचे आहे, आणि त्यातले एकही पान भाचीला आधी वाचून दाखवू नका. तिला एवढेच सांगा : वीस बाजूंचा फासा टाकायचा, त्या कामात तुझ्या पात्राला जी गती आहे तिचे दोन-चार गुण त्यात मिळवायचे, आणि बेरीज मी सांगितलेल्या आकड्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली तर काम फत्ते. सोप्या कामाला दहा, बेताच्या कामाला पंधरा, अवघड कामाला वीस. दुसरा नियम गरज पडेल तेव्हा सांगा : परिस्थिती तिच्या बाजूची असेल, म्हणजे पहारेकरी पेंगत असेल किंवा तिने आधीच दोरी बांधून ठेवली असेल, तर फासा दोनदा टाकून मोठे दान धरायचे. हा नियम दिसतो त्यापेक्षा बराच उदार आहे. अकरा किंवा अधिक हवे असतील तर एका फाशाने ते निम्म्या वेळा पडतात, दोन फाशांनी चारांपैकी तीन वेळा. शिवाय मुलांना तो लगेच कळतो, कारण हुशारीचे बक्षीस हातात पडताना दिसते.

आता जेथे माझा स्वतःचा हात पोळला आहे ते सांगतो. पुतण्याला पहिल्यांदा खेळवताना मी पुस्तकी पद्धतीने चार गॉब्लिन त्याच्या वाटेत उभे केले. गॉब्लिन हा या खेळातला किरकोळ शत्रू, आणि चौघा नवख्या वीरांपुढे चार गॉब्लिन म्हणजे नेहमीची सुरुवातीची चकमक. पण मोजून पाहा. साखळीचे चिलखत घातलेल्या पहिल्या पातळीच्या योद्ध्याला साधारण बारा हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, असतात आणि त्याच्यावर वार लागायला बेरीज सोळा लागते. गॉब्लिनला चारचा वाढावा असतो, म्हणून त्याचा वार शंभरात पंचेचाळीस वेळा लागतो आणि लागला की सरासरी साडेपाच गुण नेतो. चार गॉब्लिन मिळून एका फेरीत सरासरी दहाच्या आसपास गुण नेतात. वीर तेवढ्या वेळात फार तर एकाला लोळवतो, आणि दुसऱ्या फेरीत स्वतः आडवा होतो. पुतण्या आडवा झाला, उठला आणि क्रिकेट बघायला बसला. नियमात माझे काहीच चुकले नव्हते, पण ते नियम चौघांसाठी बेतलेले होते, हे मी विसरलो होतो. एकट्या खेळाडूसमोर एका वेळी एक शत्रू, फार झाले तर दोन, आणि पळून जायला उघडी वाट, एवढेच ठेवावे.

त्याहून बरे म्हणजे पहिल्या बैठकीत लढाई हा एकच मार्ग उरेल असा प्रसंगच घेऊ नये. तुम्ही कोल्हापूरच्या आहात, तर पन्हाळा हाताशी आहे. भाचीने तो पाहिला नसेल तर आधी एकदा दाखवून आणा. तीन दरवाजा, गंगा-यमुना-सरस्वती या तीन कोठारांचा अंबरखाना, आणि पोटात विहीर दडवलेली ती तीन मजली अंधारबाव : परदेशी पुस्तकांतील तळघरांचे नकाशे कित्येक पानांत जे साधतात ते येथे दगडात बांधून तयार आहे. गडाला वेढा पडला आहे, कोठाराची किल्ली रात्रीतून नाहीशी झाली आहे, आणि कोठारावरच्या कारकुनाची मुलगी, म्हणजे भाचीचे पात्र, ती शोधायला निघाली आहे, एवढी गाठ एका संध्याकाळीला पुरते. तीन जागा, दोन माणसे आणि एक गुपित, याहून अधिक तयारी करू नका. केलेल्या तयारीचा मोह पडतो आणि खेळाडूला तिच्याच दिशेने ढकलले जाते. एक पथ्य मात्र पाळावे. शिवाजी महाराजांना किंवा बाजीप्रभूंना पात्र म्हणून बोलते करू नये. १६६० च्या वेढ्याचा शेवट काय झाला हे भाचीला शाळेत शिकवलेले असते, त्यामुळे ती तिथे निर्णय घेणार नाही, धडा आठवत बसेल. इतिहासाला ज्यांचे नाव ठाऊक नाही अशा माणसांना काय वाटेल ते करण्याची मोकळीक असते.

सोबतीला जोडीदार द्यावा, पण तो शहाणा नसावा. सूत्रधाराच्या हातातला जोडीदार हुशार निघाला की सल्ले तोच देतो, शत्रूही तोच मारतो आणि खेळाडू प्रेक्षक होऊन बसतो. तुमचीच दोन पात्रे एकमेकांशी बोलू लागली, तर समोरची मुलगी मुकाट्याने ऐकत बसेल. एखादा कुत्रा, किंवा वाटा माहीत असलेला पण अंधाराला भिणारा गुराखी पोरगा पुरे. लढाईत जोडीदाराचे फासे तिलाच टाकू द्यावेत.

प्रश्न : मी पत्नीला हा खेळ शिकवायला बसलो. वाड्याचा दरवाजा बंद होता. तिने कुलूप उघडायचा प्रयत्न केला, फासा चुकला. पुन्हा टाकला, पुन्हा चुकला. तिसऱ्यांदाही तेच. मग दोघेही एकमेकांकडे बघत बसलो. अशा वेळी सूत्रधाराने काय करावे? — एक वाचक, नाशिक

उत्तर : फासा टाकायला सांगण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा होता : हे दान पडले नाही तर पुढे काय घडेल? ‘काहीच घडणार नाही’ असे उत्तर येत असेल, तर फासा टाकायचाच नाही. दरवाजा उघडू द्यायचा.

चार खेळाडू असले की एकाचे चुकले तरी दुसरा खिडकी शोधतो, तिसरा शेजाऱ्याला हाक मारतो आणि चौथा विनोद करतो. अडलेली गाडी कोणी ना कोणी ढकलतोच. दोघांच्या डावात ढकलणारे कोणी नसते, आणि म्हणून ‘जमले नाही’ एवढेच सांगून थांबणारा सूत्रधार खेळच थांबवतो. माझ्या मते दोघांच्या खेळात नवख्याला घाबरवायचे असेल तर राक्षसाची गरज नाही. अशी एक शांतता पुरते. तेव्हा चुकलेल्या दानाचा अर्थ ‘दरवाजा उघडला नाही’ असा न लावता ‘दरवाजा उघडला, पण कुलपाचा खडखडाट ऐकून आत कोणीतरी कंदील लावला’ असा लावावा. काम होते, मात्र त्याची किंमत मोजावी लागते. किंवा काम खरोखरच होत नाही, पण त्याच क्षणी परिस्थिती बदलते : मागून पावले वाजतात, पाऊस सुरू होतो, किल्ली कुलपात तुटते आणि तिचा तुटका दात बघून लक्षात येते की ही किल्ली या घरची नव्हेच.

पत्नीला आकडेमोडीचा कंटाळा असेल, तर वीस बाजूंचा फासा बाजूला ठेवून लुडोचे दोन साधे फासे घ्या. २०१० साली आलेल्या, बेकर दांपत्याच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने रूढ केलेली पद्धत अशी : बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम पूर्ण, सात ते नऊ आली तर काम होते, पण काहीतरी द्यावे लागते, सहा किंवा कमी आली तर सूत्रधार अडचण आणतो. दोन फाशांची एकूण ३६ दाने पडू शकतात. त्यांपैकी १५ दानांत अडचण येते, १५ दानांत ‘हो, पण’ निघते आणि फक्त ६ दानांत निर्भेळ यश मिळते. पात्राला ज्या कामात गती आहे तेथे बेरजेत दोन मिळवा, की चित्र नेमके उलटते : १५ दाने निर्भेळ यशाची आणि केवळ ६ अडचणीची. त्यामुळे पात्र घडवण्यासाठी कोष्टके भरत बसावे लागत नाही. ‘तुझ्या पात्राला काय छान येते, आणि काय बेताचे येते?’ एवढे विचारून पहिल्याला दोन आणि दुसऱ्याला एक गुण द्यावा, बाकी सगळ्याला शून्य. मधल्या दानांसाठी मात्र सूत्रधाराला दर वेळी नवे ‘पण’ सुचावे लागते, आणि पहिल्या दिवशी ते हमखास आटतात. म्हणून वहीच्या कोपऱ्यात पाच-सहा आधीच लिहून ठेवावेत : आवाज होतो, वेळ जातो, वस्तू हरवते, कोणीतरी पाहते, कोणाचे तरी उपकार होतात, दिवा विझतो.

प्रश्न : माझी मैत्रीण प्रत्येक वेळी ‘मी काय करू, ते तूच सांग’ असे म्हणते. तिला खेळ आवडत नाही, असे समजावे का? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तसे समजू नये. बहुधा तुम्ही तिला फार मोकळा प्रश्न विचारत असाल. ‘तू जंगलात आहेस, काय करतेस?’ या प्रश्नाला मलाही उत्तर सुचणार नाही. नवख्या माणसाला आपण चुकू अशी भीती असते, आणि एकटेच असल्यामुळे दुसऱ्याचे पाहून शिकण्याची सोय नसते. तेव्हा प्रश्न लहान करा : ‘ओढ्यापलीकडे धूर दिसतोय आणि डावीकडच्या वाटेवर ताजी बैलगाडीची चाकोरी आहे. कुठे जातेस? की आधी झाडावर चढून बघतेस?’ दोन वाटा द्याव्यात आणि तिसरी किंचित उघडी ठेवावी. तिने चौथीच काढली, तर खेळ सुरू झाला असे समजा.

दुसरा उपाय मला अधिक गुणकारी वाटतो. गोष्टीतले काही तिलाच घडवू द्यावे. ‘या गावच्या पाटलाला तू लहानपणापासून ओळखतेस, त्याचा तुझ्यावर राग कशाचा आहे?’ असे विचारले की उत्तर चूक ठरण्याचा प्रश्नच उरत नाही, कारण ती सांगेल तेच खरे. एका बैठकीत माझ्या पुतण्याची नि माझी झालेली बोलाचाली जशी आठवते तशी देतो.

‘दार उघडतं आणि एक म्हातारी बाहेर येते. ती तुला बघून हसते. का हसते?’

‘काका, ते मला काय माहीत?’

‘तुझ्याकडे बघून हसतेय. तुझ्या हातात काय आहे?’

‘…कोंबडी. तिचीच आहे. मी चोरलेली.’

‘मग ती हसतेय की दात दाखवतेय?’

‘मी कोंबडी सोडून देतो आणि पळतो!’

ही कोंबडी माझ्या टिपणात कुठेही नव्हती. पुढच्या तीन बैठका आम्ही तिच्याच मागे होतो, आणि मी घातलेले शापित राज्य अजून वहीतच पडून आहे.

प्रश्न : वीस बाजूंचे फासे आमच्याकडे मिळत नाहीत. मागवायलाच हवेत का? — एक वाचक, गडचिरोली

उत्तर : नकोत. पत्त्यांच्या जोडातून बदामाची आणि इस्पिकाची एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने काढा. ती बरोबर वीस होतात. बदामाचे पान निघाले तर त्यावरचा आकडा, इस्पिकाचे निघाले तर त्यात दहा मिळवा. प्रत्येक वेळी पान परत घालून पिसायला विसरू नका, नाहीतर निघून गेलेली पाने मोजून चलाख खेळाडू पुढचे दान ताडील; मेंढीकोट खेळणाऱ्या घरांत हा धोका विशेष असतो. नियमांसाठीही पैसे घालायची गरज नाही. पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा संच २०२३ च्या जानेवारीत कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाला खेळवत होतो. लढाईत त्याच्या पात्राचा घोडा मेला आणि तो रात्री जेवलाच नाही. माझे काय चुकले? आणि पात्रच मेले असते तर? — एक वाचक, ठाणे

उत्तर : घोड्याला नाव होते का? असणारच. नाव दिलेल्या प्राण्याला लहान मुलाच्या डावात मारू नये. तो उधळावा, लंगडावा, शत्रूने पळवून न्यावा, म्हणजे त्याला सोडवून आणण्याची पुढची गोष्ट तयार होते.

पात्राच्या मरणाविषयी मूळ नियम असा आहे की हिट पॉइंट शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते आणि प्रत्येक पाळीला वीस बाजूंचा फासा टाकते. दहा किंवा अधिक म्हणजे एक यश, कमी म्हणजे एक अपयश. तीन यशे आधी आली तर जीव वाचतो, तीन अपयशे आधी आली तर जातो. मधल्या वेळात साथीदार धावून येतील, हे या नियमात गृहीत धरलेले आहे. एकट्याच्या डावात कोणी धावून येत नाही, म्हणून तेथे तो नियम मी सरळ काढून टाकतो. शून्य म्हणजे शुद्ध हरपणे, आणि शुद्ध येते तेव्हा जागा बदललेली असते : कैदेत, वैद्याच्या ओसरीवर, किंवा खिसे रिकामे झालेल्या अवस्थेत नदीकाठी. हे मुलाला आधीच सांगून टाकावे. त्याने थरार कमी होतो असे काहींचे मत आहे. मला तसा अनुभव नाही, कारण मुलांना मरणापेक्षा तलवार जप्त होण्याचे भय जास्त वाटते.

आणखी एक गोष्ट करा. टेबलावर फुली मारलेले एक कार्ड ठेवा. जॉन स्टाव्हरोपोलोस यांनी ही युक्ती एक्स-कार्ड या नावाने प्रचारात आणली. कोणीही त्या कार्डाला हात लावला की चालू प्रसंग तेथेच बदलायचा, आणि कारण विचारायचे नाही. चौघांत असताना मूल दुसऱ्याच्या आडोशाला जाऊ शकते, पण दोघांच्या डावात समोर एकटा बापच असतो, आणि बापाला ‘हे नको’ म्हणणे नऊ वर्षांच्या मुलाला सोपे नसते. कार्डाकडे बोट दाखवणे त्याला जमते. पहिल्यांदा तुम्हीच कार्डाला हात लावून दाखवा, म्हणजे ते केवळ त्याच्यासाठी ठेवलेले नाही हे त्याला कळेल.

प्रश्न : वडील एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. संध्याकाळी दोघेच घरी असतो. त्यांना खेळवावे असे वाटते, पण ‘राक्षस, जादूगार हे पोरांचे खेळ’ असे म्हणून ते हसतात. — एक वाचक, सातारा

उत्तर : मग राक्षस आणि जादूगार कशाला हवेत? दोन फाशांची वर सांगितलेली पद्धत घ्या, आणि पात्र म्हणून त्यांना एसटीचा वाहकच करा. माणसे ओळखण्याचे दोन गुण, रस्त्यांच्या माहितीचा एक. कागद, कोष्टक, नियम यांतले काही समोर आणू नका. चहा झाल्यावर सहज सांगायला लागा की खंबाटकी घाटात रात्रीची शेवटची गाडी पावसाने थांबली आहे, आतले दिवे गेले आहेत, वाहकाने बॅटरी पाडून माणसे मोजली तेव्हा तिकिटे एकवीस आणि प्रवासी बावीस भरले. बाविसावा कोण, हे वडिलांनाच विचारा.